स्वखुशीने

“सेमिनार कॅन्सल. सॉरी मधुमती, माझा नाइलाज आहे,” असं म्हणून कॉलेजच्या हेडने, परीक्षितने, लॅपटॉप तिच्याकडे वळवला.

पडद्यावर जिंगचे वडील होते. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट, समोर पाण्याचा ग्लास. ते चिनीत बोलत होते आणि खाली इंग्रजी भाषांतर येत होतं. ‘मी माझा वकील स्वखुशीने काढून टाकला आहे. सरकारने दिलेला वकील मला मान्य आहे. मला कायद्याप्रमाणे चांगली वागणूक मिळते आहे. जिंग, बाळा, परदेशात याविषयी एक अक्षर बोलू नकोस. अभ्यास कर.’

जिंग त्याच खोलीत खिडकीपाशी बसली होती. ब्रिस्टलमधल्या या छोट्या लॉ कॉलेजात ती मधुमतीची विद्यार्थिनी. तिचे वडील चीनमध्ये वकील. सरकारने नवे कायदे केले, चांगले केले, आता तेवढे पाळा, एवढंच ते कोर्टात म्हणत राहिले. त्यासाठीच त्यांना उचलून कोठडीत टाकलं. आरोपीला स्वतःचा वकील निवडता येतो, हेसुद्धा त्याच कायद्यात लिहिलेलं आहे. जिंग आज त्यावर बोलणार होती. खाली हॉल भरत आला होता.

जिंगला कळू नये म्हणून परीक्षित मराठीवर आला. आपल्या माणसांची ही खोड विलायतेत आली तरी जात नाही.

“हे बघ, बापच नको म्हणतोय. मग आपण कोण? त्यात नेक्स्ट वीकला तिकडचं डेलिगेशन येतंय. उगाच कशाला इश्यू करायचा?”

मधुमतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “सर, तुम्ही एव्हिडन्स शिकवता ना? कोठडीतल्या माणसाचा जबाब तपासल्याशिवाय धरायचा नाही, हे फर्स्ट इयरच्या पोरांना कोण सांगतं?”

“ते कोर्टात गं. हा सेमिनार आहे.”

“म्हणजे कायदा फक्त परीक्षेपुरता! तिकडे त्यांनी बापाचं तोंड बंद केलं, इकडे तुम्ही पोरीचं करा. आणि वर डेलिगेशनला चहा-बिस्किटं द्या!”

परीक्षित चष्मा पुसत राहिला. तो काही वाईट माणूस नव्हता. अशी माणसं वाईट नसतातच. ऐन वेळी शेपूट घालतात आणि त्याला पॉलिसी म्हणतात, इतकंच.

“मला तो व्हिडिओ पुन्हा बघायचाय,” जिंग इंग्रजीत म्हणाली. तिने तो शेवटपर्यंत पाहिला. वडिलांच्या चेहऱ्यावरून तिची नजर हलली नाही. मग ती परीक्षितकडे वळली. “वडिलांची इच्छा असेल तसंच व्हायला हवं, नाही का?”

“एक्झॅक्टली!” परीक्षितला हायसं वाटलं. “कुटुंबाची इच्छा आधी. बाकी सगळं नंतर.”

“कॉलेज त्यांच्या इच्छेविरुद्ध जाणार नाही?”

“अजिबात नाही. हेड म्हणून माझा शब्द.”

आता मधुमतीला जिंगचाही राग आला. एवढी हुशार पोर, आणि इतक्यात गळपटली! या पोरीसाठी आपण घसा फोडत होतो? तिने पर्स उचलली आणि दाराकडे निघाली.

जिंगने लॅपटॉप बंद केला. तिचा आवाज स्वच्छ होता.

“आमच्याकडे असे खटले घेणारे वकील घरच्यांना आधीच सांगून ठेवतात. मी इकडे निघाले तेव्हा एअरपोर्टवर बाबा म्हणाले, ‘ज्या दिवशी मी पडद्यावर येऊन तुला गप्प राहायला सांगेन, त्या दिवशी समज की मला स्वतःला बोलता येत नाहीये. त्या दिवसापासून तू बोलायचं.’”