तिसऱ्या दिवसाची बरणी

"डोळे मिटा. अर्धवट नाही, पूर्ण!"

आचाऱ्याने डोळे मिटले. बायकोने बरणीच्या तोंडावरचं फडकं सोडलं आणि बरणी त्याच्या नाकाशी धरली.

"थांब जरा," तो म्हणाला. "आधी तो पंखा बंद कर. लक्ष लागत नाही."

तिने पंखा बंद केला. त्याने मान किंचित कलती केली आणि लांब श्वास घेतला.

"आंबट आहे. ताकासारखं. ही तिसऱ्या दिवसाची."

बरणी तिच्या हातून पडायचीच बाकी होती. बावीस दिवस ती रोज सकाळी या माणसासमोर बरणी धरत होती आणि बावीस दिवस तो नुसती नकारार्थी मान हलवत होता. आज बोलला, आणि बरोबर बोलला!

तापात त्याचं नाक गेलं होतं. ताप उतरला, वास काही परत आला नाही. दुसऱ्या कुणाचं निभावलं असतं, पण हा पडला कारखान्याच्या कॅन्टीनचा आचारी. एके दिवशी त्याने खवट तेलात दोनशे माणसांचा स्वयंपाक केला. वास दोनशे जणांना आला, एकट्या ह्याला आला नाही. ठेकेदार भला माणूस, त्याने आरडाओरडा केला नाही. "नाक परत आलं की या," म्हणाला. "महिनाअखेरपर्यंत जागा ठेवतो." त्या दिवसापासून आचारी घरात पाहुण्यासारखा वागायला लागला होता. जेवताना दुसऱ्यांदा वाढून घ्यायचा नाही. तिला ते बघवत नसे.

डॉक्टरांनी रोज उग्र वास घ्यायला सांगितलं होतं, लिंबू, लवंग असलं काहीतरी. पण लिंबू समोर आलं की हा न हुंगताच "लिंबू" म्हणून मोकळा. मग तिला कोंबड्यांचं खाद्य सुचलं.

मागच्या अंगणात तिच्या सहा कोंबड्या होत्या आणि त्यांच्यासाठी ती धान्य आंबवायची. मक्याचा नि गव्हाचा भरडा बरणीत घालायचा, वर चार बोटं पाणी ठेवायचं, आधीच्या बरणीतलं दोन चमचे पाणी विरजणासारखं त्यात सोडायचं आणि सकाळ-संध्याकाळ ढवळायचं. पहिल्या दिवशी बरणी गुमान बसते. दुसऱ्या दिवशी मधूनच एखादा बुडबुडा वर येतो. तिसऱ्या दिवशी फसफसायला लागते, की ओतायची कोंबड्यांपुढे. ओट्यावर तीन दिवसांच्या तीन बरण्या कायम असत. एकीला ओल्या धान्याचा वास, दुसरीला गोडसर, तिसरीला आंबट. ती रोज त्यातली कुठलीही एक उचलायची. पाठांतराची सोयच नव्हती!

त्या सकाळनंतर आचारी एकदाही चुकला नाही. इकडे आंबवलेलं खाऊन कोंबड्याही खुशीत आल्या. मुकादमीण म्हणून एक भांडखोर कोंबडी होती, तिने दोन महिने अंड्याचं नाव काढलं नव्हतं. तिनेही अंडं घातलं आणि अंगणभर ओरडून सांगितलं. घराचं नशीबच फळफळलं, असं बायकोला वाटलं. तिचे पाय जमिनीवर ठरेनात.

रविवारी नणंद आली. तिचा विश्वास बसेना.

"दादा पक्का लबाड आहे, वहिनी. आंधळी कोशिंबीर खेळताना पट्टीखालून बघायचा."

"मग तूच बांध डोळे!"

नणंदेने टॉवेल दुहेरी करून करकचून बांधला. हात मागे घ्यायला लावले. तिन्ही बरण्यांची जागा स्वतः बदलली.

"कोंबड्यांना आधी खायला घाला," टॉवेलाआडून आचारी म्हणाला. "त्यांचा कलकलाट चालू असला की मला काही सुचत नाही."

"वास घ्यायचाय की अभ्यास करायचाय?"

"आणि तू पण तोंड मिट."

बायको हसत हसत कोंबड्यांना कोरडे दाणे घालून आली. अंगण शांत झालं. तिने पहिली बरणी त्याच्या नाकाशी धरली.

तो बराच वेळ थांबला. "गोडसर. कालची."

दुसरी बरणी आली. याहून जास्त वेळ गेला. नणंदेने वहिनीचा हात घट्ट धरला.

"ओलं धान्य. ही आजच भिजवलेली."

तिसरी नाकाशी नेते न नेते तोच तो बोलला, "आंबट!"

नणंदेने टाळ्याच पिटल्या. "हरले बाई! दादा, नाक आलं रे तुझं!" बायकोला हसू आणि रडू एकदमच फुटलं. पदराने डोळे पुसत ती बाहेरच्या खोलीत गेली आणि तिने थेट ठेकेदारालाच फोन लावला.

"नाक आलंय त्यांचं. शब्द देते मी तुम्हाला. हवी तर परीक्षा घ्या."

"तुम्ही सांगताय ना वहिनी, मग परीक्षा कशाला?" ठेकेदारही खूश झाला. "उद्या सकाळीच पाठवा त्यांना. आता दोन पाळ्यांची मिळून चारशे माणसं आहेत जेवायला. तेलाचे डबे नव्या दुकानातून आलेत, म्हणावं तुम्हीच हुंगून घ्या. त्यांच्या नाकावर सोडतो सगळं."

फोन ठेवून ती जवळजवळ धावतच निघाली. नणंद अंगणात मुकादमिणीशी गप्पा मारत होती. आता आधी त्याला सांगायचं आणि मग दोघींनी मिळून चहा करायचा, असं तिने ठरवूनही टाकलं. स्वयंपाकघराच्या दारात मात्र ती थबकली.

तो एकटाच ओट्याशी उभा होता. टॉवेल गळ्यात होता, पंखा अजून बंदच होता. पुन्हा सराव चाललाय वाटतं, असं मनात येऊन तिला हसू आलं. मागून जाऊन दचकवावं म्हणून ती आवाज न करता तशीच उभी राहिली.

आचाऱ्याने मधली बरणी दोन्ही हातांनी उचलली, डोळे मिटले आणि ती कानाला लावली.