कपाळावरचा दिवा

सरपंच भागोजीरावांनी गडावर हॉटेल बांधायचा ठराव मांडला आणि ग्रामसभेतले सगळे हात वर गेले. सरपंचांचं मन कोण मोडणार? पण नव्या कायद्यात हात मोजतच नसत. कपाळावरची पट्टी मनातलं खरं मत ओळखून दिवा लावायची. गड आहे तसाच राहावा असं वाटणाऱ्याचा दिवा हिरवा.

बघता बघता सभा हिरवीगार झाली.

"लबाडांनो, मग हात कशाला वर केलेत?" भागोजीराव कडाडले.

"तुमच्या शब्दाखातर," गोदाकाकू म्हणाल्या आणि चहाचा चकचकीत ट्रे त्यांनी सरपंचांच्या तोंडासमोर धरला. "पण आधी हे बघा."

ट्रेमध्ये भागोजीरावांना स्वतःचंच कपाळ दिसलं. हिरवंगार!

"हॉटेलचा हट्ट जावयाचा हो," ते ओशाळून हसले. "सुटलो! आता त्यांना सांगतो, जावईबापू, मी हात वर केला होता, पण पट्टीनं ऐकलंच नाही."