गार इंजिन

पुन्हा एकदा सेल्फ मारला तेव्हा पिकअप खोकली, तिनं गॅरेजभर पांढरा धूर सोडला आणि गप्प झाली.

“म्हातारी झाली गं,” बॉनेटखालून बाबा म्हणाले. “म्हाताऱ्या माणसाला सकाळी उठायला वेळ लागतोच. मला नाही लागत?”

ती हसली नाही. शेजारच्या सीटवर लेक तिची ओढणी मुठीत धरून पेंगत होती. गाडी तिनं काल संध्याकाळीच माहेरी आणून लावली होती. गरम इंजिन दुखणं लपवतं, तपासायचं तर गार इंजिन तपासावं, हे बाबांचंच शिकवणं. आठला तिला प्रयोगशाळेत पोचायचं होतं. नळाच्या पाण्याचे नमुने तपासायची नोकरी. नवी, अजून कच्ची. “आता पुन्हा उशीर झाला तर आम्हाला दुसरं कुणी बघावं लागेल,” असं साहेबांनी परवा सांगितलं होतं. तेही अगदी गोड आवाजात.

नवरा कधी नाही म्हणालाच नव्हता. “ने की गाडी, मी कुठं अडवलंय?” एवढं पांघरुणातूनच म्हणायचा. सेल्फ मारून मारून ती रडकुंडीला आली, वेळ टळून गेली, की डोळे चोळत बाहेर यायचा, सीटवर बसायचा आणि पहिल्या चावीत गाडी चालू करून द्यायचा. वर शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, “गाडीला माणूस कळतो.”

बाबांनी डिझेल फिल्टर पाहिला. बॅटरीची टोकं घासली. नळी कुठं हवा घेतेय का, ते बोटांनी चाचपत पार टाकीपर्यंत गेले. सगळं ठीक निघालं. मग ते फडक्याला हात पुसायला लागले.

गार इंजिनाला पेटण्याआधी ऊब देणारे हीटर प्लग त्यांनी पाहिलेच नव्हते.

“प्लग बघा ना बाबा.”

“समोर दिवा लागतो ना हीटरचा? मग प्लग ठीक आहेत.”

ती त्यांच्याकडे बघत राहिली. शाळेत असताना याच फरशीवर उकिडवं बसून बाबांनी तिला सांगितलं होतं, दिव्यावर जाऊ नकोस. तो टायमरवर लागतो नि टायमरवर विझतो, प्लग मेलेत की जिवंत आहेत, त्याला काय पत्ता! दिव्यावर विसंबण्याची चूक नवशिके करतात. बाबा नव्हे.

तिनं खिळ्यावरचा टेस्ट लॅम्प काढला. चिमटा गाडीच्या पत्र्याला लावला, सुई प्लगच्या पट्टीवर टेकवली.

“चावी फिरवा.”

डॅशबोर्डवरचा दिवा लागला. तिच्या हातातला बल्ब लागला नाही.

“वायर तुटली असेल कुठंतरी,” बाबा घाईनं म्हणाले. “दुपारी बघतो सावकाश. तू आज बसनं जा.”

“बसनं आठला पोचेन मी? तुटली असेल तर सापडेल की.”

वायरचा माग काढत ती आत आली. मॅटखालून वायर ड्रायव्हरच्या सीटखाली शिरली होती. तिथं, हात घातल्याशिवाय कळणार नाही असं, प्लगची वीज तोडणारं-जोडणारं एक बारकं बटण होतं. जोडावर टेप होती आणि टेपवर मेणदोऱ्याचे एकाला एक लागून घट्ट वेढे. बाकीचे मेकॅनिक टेप गुंडाळतात नि मोकळे होतात. वर मेणदोरा बांधणारा माणूस तिच्या पाहण्यात एकच होता.

ती तशीच वाकून राहिली. वर बघायचं म्हणजे त्यांच्याकडे बघावं लागलं असतं.

“कधी बसवलंत?”

बाबांनी फडकं या हातातून त्या हातात घेतलं. “जावईबापू आले होते. म्हणाले, चोऱ्या फार वाढल्यात.”

“आणि चोर कोण? मी?”

“तसं नव्हे गं. लेकरू लहान आहे. तोंडावर नाही म्हटलं की भांडण होतं, शब्दानं शब्द वाढतो. चार दिवस उशीर होईल, मग तूच कंटाळून घरी बसशील, असं आमचं... असं ते म्हणाले. कुणी कुणाला दुखवायला नको.”

“मला वाटायचं, माझाच हात वाईट. चावीसुद्धा धड फिरवता येत नाही मला. तुमच्यापाशी बसून रडले होते मी, बाबा. तुम्ही चहा करून दिलात.”

“मग काय करणार होतो? संसार तुझा मोडला असता, माझा नव्हे.”

तिनं बटण दाबलं. बसली. चावी अर्धी फिरवून दिवा विझेपर्यंत थांबली आणि सेल्फ मारला. गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. लेक दचकून जागी झाली आणि टाळ्या पिटायला लागली.

बाबा खिडकीशी आले. आवाज खाली आणून म्हणाले, “सापडलं म्हणून घरी बोलू नकोस. त्यांना वाटेल, मीच सांगितलं.”

तिनं रिव्हर्स टाकला. बाबा लगबगीनं मागं जाऊन उभे राहिले आणि हात हलवायला लागले. “येऊ दे... येऊ दे... बिनधास्त येऊ दे, मी आहे ना!”

तिनं हँडब्रेक ओढला. खाली उतरली. त्यांच्या बाजूनं मागं जाऊन भिंत किती लांब आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहून आली, आणि मग गाडी मागं घेतली.