भोजलीचं नाव

श्रावणात दुलारिनने आणि तिच्या मैत्रिणीने भोजलीचे, म्हणजे पुजलेल्या गव्हाचे, कोंब एकमेकींच्या कानांवर खोचले. तेव्हापासून एकमेकींचं नाव जन्मात घ्यायचं नव्हतं. हाक फक्त 'भोजली'.

शाळेचे पेरू तोडताना दुलारिन एकटीच सापडली.

"सोबत कोण होती?" शहरातून आलेल्या नव्या गुरुजींनी विचारलं.

"भोजली होती."

"नाव सांग!"

तिसऱ्या छडीलाही तिने नाव सांगितलं नाही. तेवढ्यात भोजलीच धावत आत आली. "दुलारिनला मारू नका, गुरुजी! मी होते."

तिलाही तीन बसल्या. घरी जाताना दुलारिन तिच्यावर उसळली.

"माझं नाव घेतलंस?"

"अगं, मार खात होतीस ना!"

"माराचं काय, दोन दिवसांत विसरले असते. आपलं जन्मभराचं ठरलं होतं ना, भोजली!"