दुसरा बॉल

कोरियन साहेबांच्या हौसेपायी चाकणच्या कंपनीत बेसबॉलची टीम निघाली, आणि रविवारी ती एका रनने हरली. शेवटचा बॅटर होता शहेबाज. एके काळी बॉल कंपाउंडबाहेर धाडणारा हा गडी महिनाभर नुसती हवा कापत होता. त्या दिवशीही मिळालेल्या तिन्ही संधींत बॅट रिकामीच फिरली.

परतीच्या टेम्पोत सगळे धुमसत होते. शेवटी कॅप्टन गोरखने त्याला डिवचलं, "काय राव, बॉल दिसंना व्हय तुला?"

"दिसतो की. दोन दोन दिसतात. मी नेमकी खोट्यावर बॅट फिरवतो."

सगळा टेम्पो खिदळला. गोरख तर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. हरल्याचा राग तिथंच निवळला.

सोमवारी सकाळच्या शिफ्टला गोरख मशीनला खेटून उभा होता. क्रेनला टांगलेला दोन टनांचा साचा त्याच्या पुढ्यात उतरायचा होता. वर केबिनमध्ये, क्रेन चालवायला, शहेबाज. गोरखने नेहमीसारखा त्याला हात केला.

शहेबाजनेही हसून हात केला, गोरखच्या शेजारच्या रिकाम्या जागेला.