पिंपातला सांधा

"बाबा, कुठवर काढू?"

"शेपट्या फिरल्या की थांब. त्याच्या खाली तुझी आई."

लेकीनं पिंपावरचा दगड उतरवला. आत खारवलेली मांदेली, बोटाएवढी, डोकी काढून गोल मांडलेली. एक थर मिठाचा, एक थर मासळीचा. मांडलेली म्हणून मांदेली, असं आई बिनदिक्कत ठोकून द्यायची. खरंखोटं त्या माशालाच ठाऊक! आई डावखुरी. तिच्या थरात शेपट्या उजवीकडे, बाकी सगळ्या जगाच्या डावीकडे.

अर्धं पिंप भरलं तेव्हा ती आजारी पडली आणि गेलीच. वरचं अर्धं बाबांनी एकट्यानं भरलं, आतून कडी लावून. आज व्यापारी टेम्पो घेऊन दारात उभा होता. बाबांनी मोठ्या मुश्किलीनं कबूल केलं होतं, माझे थर खुशाल विका, तिच्या थरांना हात लावायचा नाही. तिच्या हातचं म्हणून घरात एवढंच उरलं होतं.

लेकीनं मीठ बाजूला सारलं. पहिल्याच थरात शेपट्या उजवीकडे. दुसऱ्यातही. तिसऱ्यातही. तिनं हात मागे घेतला.

"बाबा, हे तुम्हीच भरलंत ना?"

"मग काय भुतानं भरलं?" बाबा खेकसले आणि पिंपात वाकले. वर आले ते हळू आवाजात बोलले. "मीच भरलं गं. ती मागून ओरडत होती, धसमुसळेपणा करू नका म्हणून. जरा सावकाश भरलं, एवढंच."

बाहेर हॉर्न वाजला. "अहो, आटपा की! का इथंच मुक्काम करू?"

लेक थरामागून थर काढत भराभर खाली जात राहिली. आई कुठे सुरू होते, काही केल्या सापडेना.

"पुरे," बाबा म्हणाले. काढलेली मांदेली ते एकेक करून पुन्हा मांडायला लागले. डाव्या हातानं. त्या हातानं त्यांना कधी शर्टाचं बटणही धड लावता आलं नव्हतं. मध्येच, मान न वळवता, ते पुटपुटले, "हो गं, हळूच ठेवतोय."

लेकीला रडू फुटलं. डोळे पुसून ती दाराशी गेली.

"दुसऱ्या कुणाचं पिंप बघा," ती व्यापाऱ्याला म्हणाली. "हे अजून भरून व्हायचंय."