गंगूची जागा

"भाविका, ऐकतेयस ना? टीम लीडर! फक्त सोमवारपासून रोज ऑफिसला यायचं, घरून काम बंद. हो म्हण, लगेच मेल टाकतो."

लॅपटॉपमधले साहेब खुशीत होते. भाविकाचं लक्ष मात्र खिडकीबाहेर, सासूच्या अंगणात. तिथे चुली धडधडत होत्या. चामटोली गावातल्या लग्नाच्या हळदीला तांदळाच्या भाकऱ्या जायच्या होत्या आणि टेम्पोवाला फाटकाशी येऊन हॉर्न वाजवत होता. त्यात भाकऱ्या थापणारी गंगू नव्हती. लेकीला मुलगी झाली म्हणून ती सकाळीच उल्हासनगरला पळाली होती. तिच्या चुलीवर तवा नुसताच तापत होता.

बदलापूर गावात तिच्या सासूच्या, मोतीबाईंच्या भाकरीला तोड नाही, आणि त्यांच्या नियमांनाही नाही. भाकरी लाकडी काठवटीतच थापायची. परातीत थापलेली भाकरी त्या गाईला घालतात. प्रत्येक बाईची काठवट तिची स्वतःची, दुसरीने बोट लावायचं नाही. जिची काठवट, तिची चूल आणि नफ्यात तिचा वाटा.

भाविका या घरात आली ती लॅपटॉपची बॅग घेऊन. मोबाईलवर फोटो टाकून तिने अंबरनाथपर्यंतच्या ऑर्डरी आणल्या, पण चुलीपाशी ती पाहुणीच. एकदा भीत भीत म्हणाली, "आई, मी पूर्ण वेळ हेच करू का?" मोतीबाईंनी वरही पाहिलं नाही. "नोकरी सोरू नको गो. धूर डोल्यात जातो, पगार खात्यात येतो." त्यानंतर जेव्हा जेव्हा विषय निघाला, तेव्हा हेच वाक्य. आपण त्यांना इथे नकोच आहोत, अशी भाविकाची खात्रीच पटली. ते तिला फार लागलं होतं.

"भाविका?" साहेब म्हणाले.

बाहेर टेम्पोवाला ओरडला, "मावशी, हळद उद्या नाय, आज हाय!" बायका हसल्या, पण हात काही वेगाने चालेनात. गंगूचा तवा धुरायला लागला. भाविकाच्या छातीत धडधडायला लागलं, आणि गंमत म्हणजे ती धडधड भीतीची नव्हती. लग्नघरात वाजंत्री जवळ आल्यावर होते तशी होती.

"सर, थँक यू," ती म्हणाली. "पण मी राजीनामा देतेय. मेल मीच टाकते."

टाकलासुद्धा. मग लॅपटॉप मिटून, ओढणी कमरेला खोचून ती अंगणात धावली.

"आई, मी नोकरी सोडली. सरका, गंगूमावशीच्या जागी बसते. काठवट द्या मला."

थापणारे सगळे हात थांबले. टेम्पोवाल्याचा हॉर्नही थांबला. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागली, असं कुणीतरी पुटपुटलंच.

मोतीबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "गंगूची काठवट गंगूच घेल," त्या म्हणाल्या. हात झटकून उठल्या आणि घरात निघून गेल्या.

भाविकाच्या डोळ्यांत पाणी आलं. धुराचं आहे असं दाखवायला तिने डोळे चोळले. नोकरी गेली होती आणि चूलही मिळाली नव्हती. तरी ती परत फिरली नाही. रिकाम्या तव्यासमोर मांडी घालून बसून राहिली.

आत माळ्याची शिडी करकरली. काहीतरी धप्पकन खाली आलं. मोतीबाई बाहेर आल्या त्या गोणपाटात गुंडाळलेलं एक जडशीळ ओझं छातीशी धरून. ते त्यांनी भाविकासमोर ठेवलं आणि गोणपाट ओढून काढलं.

काठवट होती. नवी कोरी, पिठाचा कण न लागलेली, तेल पिऊन पिऊन काळसर झालेली.

"तुजे लग्नातच आणून ठेवली व्हती. दर दिवालीला तेल पाजते," मोतीबाई म्हणाल्या आणि उकडीचा गोळा तिच्यात टाकला. "मी नको बोलले म्हनून गप बसली असतीस ना, तर माल्यावरच राह्यली असती. चल, थाप आता!"